वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी

वर्धा जिल्ह्यातील दारूबंदी ही महाराष्ट्र राज्यातील वर्धा जिल्ह्याच्या संपूर्ण क्षेत्रात लागू असलेली मद्यविक्रीवरील बंदी होय. १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ती अमलात आहे. महात्मा गांधी आणि विनोबा भावे यांच्या वास्तव्यामुळे या जिल्ह्याला जे विशेष स्थान लाभले, त्याचा आदर म्हणून हा निर्णय घेण्यात आला. या बंदीमुळे जिल्ह्यात परवानाधारक पब, बिअर बार, वाईन शॉप अथवा देशी दारूचे दुकान नाही. प्रवासी, विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त येणारे नवागत यांना ही गोष्ट सर्वप्रथम जाणवते. कायद्याने बंद असलेली दारू मोहाच्या हातभट्ट्यांमधून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून होणाऱ्या चोरट्या वाहतुकीतून मिळत राहिल्यामुळे ही बंदी सातत्याने चर्चेचा विषय ठरली आहे.

संज्ञा

'दारू' हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ फारसीत त्याचा अर्थ 'औषध' असा आहे. मराठीत तो मद्य आणि स्फोटक पूड या दोन्ही अर्थांनी रूढ झाला. जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्या नावातील 'दारू' दुसऱ्या अर्थाची आहे.

मद्यविक्रीच्या दुकानाला मराठीत 'गुत्ता' म्हणतात. गुत्ता म्हणजे मक्ता. दारू विकण्याचा मक्ता सरकारकडून लिलावात घेतला जाई, त्यावरून दुकानालाही तेच नाव पडले. विदर्भात देशी दारूच्या दुकानाला बोलीत 'भट्टी' म्हणतात. 'पब' हा शब्द इंग्लंडमधील 'पब्लिक हाउस' या नावाचा संक्षेप आहे. गावातील लोकांनी सायंकाळी एकत्र बसून एल अथवा अन्य प्रकारची बिअर प्यावी, जेवावे आणि गप्पा माराव्यात अशी ती जागा असते. एल ही माल्ट केलेल्या सातूपासून, तुलनेने उबदार तापमानात आंबवून केलेली बिअर होय. महाराष्ट्रात अशा प्रकारची ताजी बिअर जागेवरच तयार करून देणारी उपाहारगृहे पुणे व मुंबई येथे आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेले 'डूलाली' हे त्यांतील आरंभीचे होय. एकाच राज्यातील कायद्याखाली पुण्यात असे गृह चालते आणि वर्ध्यात चालू शकत नाही, याचे कारण या जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश काळ

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. पुढे तो मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचा भाग होता. या प्रांतात मोहाच्या फुलांपासून गाळलेली दारू सर्वत्र प्रचलित होती. दारू गाळण्याचा व विकण्याचा व्यवसाय परंपरेने कलार समाजाकडे होता. ब्रिटिश सरकारने आबकारी कायद्यांद्वारे हा व्यवसाय परवाने व मक्ते यांच्या चौकटीत आणला आणि आबकारी कर हे प्रांतिक सरकारच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन बनले. शिंदी व ताड या झाडांच्या रसापासून होणारी ताडीही करपात्र होती.

असहकार चळवळीच्या काळात, म्हणजे १९२१ च्या सुमारास, मध्य प्रांतात दारूच्या दुकानांसमोर निदर्शने होऊ लागली. दारूबंदीची मागणी तेव्हापासून दोन अंगांनी पुढे आली : एक व्यसनमुक्तीचे आणि दुसरे परकीय सरकारचा महसूल रोखण्याचे.

गांधीजींचा वर्धा-काळ

विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी १९३०च्या दशकाच्या मध्यात वर्धा हे आपले कार्यकेंद्र केले. डिसेंबर १९३४ मध्ये येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी जवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले. या खेड्याचे नाव १९४० मध्ये सेवाग्राम करण्यात आले.

ग्रामोद्योग संघाने दारूबंदीच्या प्रश्नाकडे उपजीविकेच्या दृष्टीनेही पाहिले. ताडीचा धंदा बंद झाला तर झाडांवर चढून रस काढणाऱ्यांचे काय, या प्रश्नाला संघाने नीरा आणि ताडगूळ हे उत्तर दिले. शिंदीचा अथवा ताडाचा रस पहाटे उतरवून लगेच वापरला तर तो गोड व निर्मद असतो. त्यालाच नीरा म्हणतात. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया लांबते. हा रस आटवून गूळ करण्याचे प्रयोग सेगाव परिसरात करण्यात आले.

गांधीजींनी १९४१ मध्ये लिहिलेल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत जातीय ऐक्य आणि अस्पृश्यतानिवारण यांच्यानंतर तिसरे स्थान दारूबंदीला दिले आहे.

महसूल आणि शिक्षण

१९३७ च्या निवडणुकांनंतर अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठकीत, काँग्रेसशासित प्रांतांनी तीन वर्षांत संपूर्ण दारूबंदी करावी असे आवाहन करण्यात आले. यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. प्रांतिक सरकारांचा शिक्षणावरील खर्च मोठ्या प्रमाणावर आबकारी उत्पन्नातून भागत असे. दारू बंद केली तर शाळांना पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न मंत्र्यांसमोर होता. मुलांचे शिक्षण दारूच्या पैशावर चालावे ही कल्पना गांधीजींना मान्य नव्हती. त्यांनी हस्तोद्योगावर आधारलेल्या, शक्यतो स्वावलंबी अशा शिक्षणाची कल्पना मांडली.

या कल्पनेवर विचार करण्यासाठी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथील मारवाडी विद्यालयात (नंतरचे नवभारत विद्यालय) शिक्षण परिषद भरली. परिषदेने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या समितीच्या योजनेतून पुढे 'नई तालीम' किंवा 'वर्धा शिक्षण योजना' आकारास आली. या योजनेची शैक्षणिक तत्त्वे स्वतंत्र असली, तरी ती मांडली जाण्याच्या निकडीमागे दारूबंदीचा प्रश्न होता, ही बाब शिक्षणाच्या इतिहासात अनेकदा दुर्लक्षित राहते.

मध्य प्रांत व वऱ्हाड विधिमंडळाने १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यानंतर या धोरणाचा वेग मंदावला.

कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये, आरोग्यास अपायकारक अशा मादक पेयांच्या व द्रव्यांच्या सेवनास औषधी उपयोग वगळता बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाहीत. म्हणून दारूबंदी करावी की नाही, हा निर्णय प्रत्येक राज्य घेते.

महाराष्ट्रातील मूळ कायदा 'मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९' हा आहे. त्याचे नाव आता 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' असे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात हा अधिनियम बहुतांशी वैध ठरवला. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्या वापरावर निर्बंध घालणाऱ्या काही तरतुदी मात्र रद्द केल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर हा कायदा विदर्भासही लागू करण्यात आला.

या अधिनियमाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. त्याने मद्याचे उत्पादन, वाहतूक, विक्री, बाळगणे व सेवन या सर्वांना सामान्यतः मनाई केली आहे आणि परवाना असल्यास सूट दिली आहे. १९६०च्या दशकापासून राज्यात परवाने सढळपणे दिले जाऊ लागले. १९७३ मध्ये देशी दारूविषयीचे नियम करण्यात आले. त्यामुळे 'दारूबंदी' हे नाव असलेल्या कायद्याखालीच राज्यभर परवानाधारक दुकाने चालू लागली. बिअर व वाईनसाठी २१ वर्षे आणि अन्य मद्यांसाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा या व्यवस्थेचाच भाग आहे. वर्धा जिल्ह्यात शासन विक्रीचे परवाने देत नाही. त्यामुळे येथे अधिनियमातील मूळ मनाई पूर्णपणे लागू राहते.

दारूबंदी अधिनियमाखेरीज, वारंवार गुन्हा करणाऱ्या हातभट्टीवाल्यांना १९८१ च्या झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्याविषयीच्या प्रतिबंधक अधिनियमानुसार स्थानबद्ध करता येते.

भौगोलिक स्थिती

वर्धा जिल्ह्यात वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) हे आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख आहे. पूर्वेस व ईशान्येस नागपूर, पश्चिमेस व उत्तरेस अमरावती, नैर्ऋत्येस यवतमाळ आणि आग्नेयेस चंद्रपूर हे जिल्हे आहेत. अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांकडील सीमा बऱ्याच अंतरापर्यंत वर्धा नदीने आखलेली आहे. नदीवरील पूल ओलांडताच कायदा बदलतो. नागपूर मार्गावर बुटीबोरीचे औद्योगिक क्षेत्रही जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, परंतु जवळच आहे. जिल्ह्यातून नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग आणि मुंबई–हावडा व दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग जातात. चारही बाजूंनी उघडी असलेली ही स्थिती बंदीच्या अंमलबजावणीतील मुख्य अडचण आहे.

अंमलबजावणी

बंदीची अंमलबजावणी जिल्हा पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग करतात. गुन्ह्यांचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिला प्रकार म्हणजे शेजारच्या जिल्ह्यांतून देशी-विदेशी दारूच्या बाटल्या दुचाकी, मोटार अथवा मालवाहू वाहनांतून लपवून आणणे. दुसरा प्रकार म्हणजे जिल्ह्यातच मोहाची दारू गाळणे.

मोहाचा वृक्ष मार्च–एप्रिलमध्ये फुलतो. पहाटे गळून पडणारी मांसल फुले वेचून वाळवतात व वर्षभर साठवतात. या फुलांत साखरेचे प्रमाण भरपूर असल्याने ती आदिवासी व ग्रामीण भागांत अन्न म्हणूनही खाल्ली जातात. दारूसाठी ती पाण्यात भिजवून, बहुधा गूळ घालून, काही दिवस आंबवतात. या आंबवणास 'सडवा' म्हणतात. सडवा भांड्यात उकळून त्याची वाफ थंड केली की दारू मिळते. भट्ट्या बहुधा नाल्यांच्या व नद्यांच्या काठी, झुडपांच्या आड लावल्या जातात, कारण वाफ थंड करण्यास पाणी लागते. सडव्याचे ड्रम जमिनीत पुरूनही ठेवतात. ते शोधून नष्ट करण्याच्या पोलिसांच्या मोहिमेस 'वॉश आउट' असे नाव आहे. वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर या मोहिमेच्या बातम्या नित्य असतात. पोळा, होळी व निवडणुका यांच्या आधी कारवाया वाढतात.

हातभट्टीच्या दारूत मद्यार्काचे प्रमाण निश्चित नसते. आंबवण लवकर व्हावे अथवा दारू अधिक 'कडक' व्हावी म्हणून तिच्यात नवसागरासारखे पदार्थ मिसळले जातात. मिथेनॉल मिसळलेले मद्य तर अंधत्व व मृत्यू यांस कारण ठरू शकते. कायदेशीर विक्रीत असणारी गुणवत्तेची तपासणी अशा दारूस लागू होत नाही, ही बंदीच्या टीकाकारांची प्रमुख हरकत आहे.

महिलांचा सहभाग

दारूबंदीचा कायदा जिवंत ठेवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी ग्रामीण महिलांना द्यावे लागते. गावोगावी स्थापन झालेली दारूबंदी महिला मंडळे अवैध विक्रीची माहिती पोलिसांना देतात, ग्रामसभेत ठराव करून घेतात आणि काही वेळा स्वतःच भट्ट्यांवर जाऊन सडवा ओतून देतात. शेतमजुरीचे पैसे घरी येण्यापूर्वीच दारूवर खर्च होणे आणि त्यातून घरात होणारी मारहाण हा या महिलांचा प्रत्यक्ष अनुभव आहे.

राज्याच्या अन्य भागांत दुकान बंद करण्यासाठी महिलांना मतदानाचा मार्ग आहे. त्यात दुकान चालू ठेवण्याच्या बाजूने 'उभी बाटली' आणि बंद करण्याच्या बाजूने 'आडवी बाटली' अशी चिन्हे असतात. वर्ध्यात परवानाधारक दुकानच नसल्याने हा मार्ग येथे अप्रस्तुत ठरतो. येथील महिलांचा संघर्ष परवाना नसलेल्या, म्हणजेच कागदोपत्री अस्तित्वात नसलेल्या दुकानाशी असतो. तक्रार करणारी बाई आणि विक्रेता एकाच गावात, कित्येकदा एकाच गल्लीत राहत असल्याने हा संघर्ष अधिक कठीण होतो. विक्रेत्यांमध्येही उपजीविकेचे दुसरे साधन नसलेल्या निराधार स्त्रिया आढळतात. त्यामुळे पर्यायी रोजगाराचा जो प्रश्न ग्रामोद्योग संघाने ताडी काढणाऱ्यांच्या संदर्भात हाताळला होता, तो आजही सुटलेला नाही.

उपाहारगृहे, खाद्यपदार्थ व रात्रीचे जीवन

पब किंवा बार नसल्यामुळे जिल्ह्यातील सार्वजनिक खाण्यापिण्याच्या जागांचे स्वरूप वेगळे आहे. सायंकाळी लोक एकत्र येतात ते चहाची टपरी, रसवंती, पानठेला, नाश्त्याची हातगाडी आणि महामार्गावरील धाबे येथे. या जागांवर सहकुटुंब जाता येते, हे बंदीचे एक अनुषंगिक फलित मानले जाते. पानठेल्यांवरील तंबाखूमिश्रित खर्रा हे मात्र विदर्भातील दुसरे मोठे व्यसन असून दारूबंदीने त्याला पायबंद बसलेला नाही.

वर्ध्याची विशेष ओळख असलेला पदार्थ म्हणजे गोरसपाक. गाईच्या तुपात केलेला हा खुसखुशीत बिस्किटासारखा गोड पदार्थ वर्ध्याच्या गोरस भंडाराने प्रसिद्धीस आणला. त्याचे मूळ येथील गोसेवेच्या चळवळीत आहे. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात गोसेवा संघाच्या कार्यास वाहून घेतले होते. आर्वी परिसरातील गवळाऊ ही गाईची देशी जात याच जिल्ह्याची आहे. सकाळच्या नाश्त्यात हरभऱ्याच्या झणझणीत रश्शासह दिले जाणारे तर्री पोहे सर्वत्र मिळतात. जेवणात झुणका-भाकर, पाटवडी-रस्सा, गोळाभात, थंडीत सांबारवडी (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि शेतावरच्या पंगतीत रोडगे व वांग्याची भाजी हे पदार्थ प्रमुख आहेत. सावजी पद्धतीचे मांसाहारी जेवणही मिळते. हिवाळ्यात शेतावर हुरड्याचे बेत होतात.

रात्रीच्या करमणुकीची परंपरा मुख्यतः सामुदायिक आहे. दंडार व खडी गंमत हे विदर्भाचे लोकनाट्यप्रकार रात्रभर चालत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावामुळे खंजिरी भजनाची मंडळे गावोगावी आहेत. त्यांच्या 'ग्रामगीते'त व भजनांत व्यसनमुक्तीचा आग्रह आहे. सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा, गिरड येथील दर्ग्याची यात्रा आणि घोराड येथील केजाजी महाराजांचा उत्सव या प्रसंगी मोठी गर्दी होते.

शेजारच्या जिल्ह्यांतील स्थिती

डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व अन्य कार्यकर्ते यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकचळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या दीर्घ आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. त्यामुळे काही काळ पूर्व विदर्भात दारूबंदी असलेले तीन सलग जिल्हे होते. चंद्रपूरच्या बंदीचा आढावा घेण्यासाठी शासनाने रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने तेथील बंदी उठवली. वर्धा व गडचिरोली येथील बंदी कायम राहिली.

तिन्ही जिल्ह्यांतील बंदीच्या उगमात फरक आहे. गडचिरोली व चंद्रपूर येथे ती स्थानिक जनआंदोलनातून आली. वर्ध्यात ती गांधी-विनोबांच्या स्मृतीशी निगडित धोरण म्हणून आली आणि महिला मंडळांचे पाठबळ तिला नंतर मिळत गेले.

मूल्यमापन आणि वाद

बंदीच्या समर्थकांच्या मते, उघड दुकान नसल्याने दारू सहज हाती पडत नाही, तरुणांना तिची ओळख उशिरा होते आणि स्त्रियांना तक्रार करण्यास कायद्याचा आधार राहतो. सेवाग्रामसारख्या स्थळाच्या परिसरात मद्यविक्री नसणे हे त्या स्थळाच्या विचारांशी सुसंगत आहे, असेही ते मानतात. सेवाग्राम येथे १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन करणाऱ्या डॉ. सुशीला नायर यांचा दारूबंदीला आग्रही पाठिंबा होता.

विरोधकांच्या मते, बंदीमुळे सेवन थांबले नाही. ते लपून होऊ लागले. शासनाचा महसूल बुडतो, चढ्या दराने विकली जाणारी चोरटी दारू गरिबांचे अधिक नुकसान करते, पोलिसांचा वेळ छाप्यांत जातो आणि भ्रष्टाचारास वाव मिळतो. पर्यटन व उपाहारगृह व्यवसायाच्या वाढीसही बंदी अडथळा ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे.

काही अभ्यासक व कार्यकर्ते या दोन टोकांपेक्षा वेगळी भूमिका घेतात. केवळ दुकाने बंद करणे पुरेसे नाही. व्यसनाधीनांवर उपचार, हातभट्टी चालवणाऱ्यांना दुसरा रोजगार, ग्रामसभेची देखरेख आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या सीमेवर नियंत्रण या गोष्टी सोबत असतील तरच बंदी फलदायी होते, असे ते म्हणतात. १९३७ मध्ये वर्ध्यातच उपस्थित झालेला प्रश्न – दारूचा महसूल सोडावयाचा तर समाजाची कामे कशावर चालवावयाची – राज्यांच्या अर्थकारणात आजही कायम आहे. त्यामुळे एका जिल्ह्यापुरती असलेली ही बंदी राज्याच्या मद्यविषयक धोरणावरील चर्चेत पुन्हा पुन्हा उदाहरण म्हणून घेतली जाते.

हे सुद्धा पहा

वर्धा जिल्हा
सेवाग्राम
नई तालीम
अखिल भारत ग्रामोद्योग संघ
महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम
गडचिरोली जिल्हा
मोह (वृक्ष)